इथे कोण राहायचं? : दोन लहान गावांतल्या दिवंगतांच्या नोंदी

६ जानेवारी २०२४

आजपासून कामाची टिपणं ठेवतो आहे. दोन लहान गावं घेतली आहेत. गेल्या साठ-सत्तर वर्षांत तिथे राहून गेलेल्या प्रत्येक माणसाला एक पान द्यायचं, एवढंच काम. ज्यांच्या नावाच्या पाट्या लागल्या त्यांच्याबद्दल कुठे ना कुठे काहीतरी लिहिलेलं सापडतं. बाकीच्यांची मृत्यूनोंदीत एक ओळ असते आणि उरलेलं सगळं दुसऱ्यांच्या डोक्यात. ती डोकी आता ऐंशीच्या पुढची आहेत, म्हणून घाई.

या टिपणांत कुणाचं नाव लिहिणार नाही. नावं पुस्तकात येतील, तीही घरच्यांनी पान वाचून हो म्हटल्यावर. इथे शिवणाऱ्या आजी, पंपवाले काका, एवढीच ओळख पुरे.

१४ जानेवारी

गेलेल्या माणसांची माहिती विचारणारे अर्ज घरोघर वाटले होते, त्यांपैकी तेवीस भरून आले. रात्री सलग वाचले. मनमिळाऊ, कष्टाळू, सोशिक, हसतमुख, सगळ्यांना धरून राहणारे. नाव झाकलं तर कुठलं पान कुणाचं हे घरच्यांनाही सांगता येणार नाही.

घरच्यांचं काहीच चुकलेलं नाही. निधनवार्ता वाचून वाचून आपल्या सगळ्यांच्याच हाताला तेच वळण लागलं आहे. चूक अर्जातल्या प्रश्नाची. ‘त्यांचा स्वभाव कसा होता?’ असं विचारल्यावर विशेषणच येणार. हा प्रश्न काढून टाकला. त्याजागी तीन प्रश्न घातले: सकाळी उठल्यावर त्या पहिलं काय करायच्या? त्यांची कुठली वस्तू दुसऱ्या कुणी हातात घेतलेली त्यांना चालायची नाही? त्या आल्याचं न बघता कशावरून कळायचं?

२१ जानेवारी

नवे प्रश्न घेऊन शिवणाऱ्या आजींच्या घरी गेलो. पहिल्या अर्जात त्यांच्याबद्दल ‘प्रेमळ व कष्टाळू’ असं होतं. मुलगा तेच पुन्हा सांगत होता. मग नात म्हणाली, “आजीच्या पुढच्या दाताला खाच होती.”

चाळीस वर्षं दोरा दातानं तोडून तोडून पडलेली खाच. शिवणकाम करणाऱ्यांच्या दातांना अशा खाचा पडतात हे दंतवैद्यांना ठाऊक आहे. जुन्या सांगाड्यांच्या दातांवरूनही तो माणूस काय काम करायचा याचा अंदाज बांधतात. नात म्हणाली, “कात्री शेजारीच असायची. तरी दातानंच तोडायची. म्हणायची, कात्री उचलायला हात सोडावा लागतो.” मुलगा गप्प बसून ऐकत होता. मग तो उठला आणि आतून एक पत्र्याचा डबा घेऊन आला. शिवलेल्या प्रत्येक कपड्याची एक चिंधी त्यात होती, काहींना कागदाची चिठ्ठी टाचलेली. मापं आणि महिना. ‘डावा खांदा उतरता’ असंही एका चिठ्ठीवर होतं. त्या गल्लीतल्या निम्म्या माणसांचे खांदे त्या डब्यात आहेत.

यापुढे लिहिणाऱ्या सगळ्यांना एकच सूचना: क्रियापद आणा. विशेषण लागलंच तर शेवटी बघू.

४ फेब्रुवारी

प्रत्येक पानाच्या तळाशी ‘हे कुणी सांगितलं, त्यांचं नातं काय, कधी सांगितलं’ असा रकाना घातला. ही पद्धत याद वाशेमच्या साक्षीपानांवरून घेतली. जेरुसलेममधल्या त्या संस्थेनं १९५० च्या दशकापासून नाझी संहारात मारल्या गेलेल्यांसाठी माणशी एक पान गोळा केलं. नाव, आई-वडील, गाव, व्यवसाय, आणि खाली सांगणाऱ्याची सही. कित्येक माणसांचा या जगातला एकमेव पुरावा म्हणजे ते पान. सांगणारा नोंदीत असला की पुढे वाचणाऱ्याला कळतं, हे मुलीनं सांगितलं की शेजाऱ्यानं, आणि कुणी सांगितलं यावर बरंच ठरतं.

११ ते १८ फेब्रुवारी

आठवडाभर मृत्यूनोंदीची जुनी रजिस्टरं. परवानगी होती, जागा होती, उजेड मात्र कमी. वह्या जपून उघडाव्या लागतात. जुन्या लोहयुक्त शाईनं जिथे जाड रेघ ओढली आहे तिथे कागद खाल्ला गेला आहे. पान उलटताना अक्षरच गळून पडतं.

दोन गोष्टी लगेच दिसल्या. एक, वयं. चाळीस, पन्नास, साठ, पंचेचाळीस. एकोणपन्नासाव्या किंवा एकसष्टाव्या वर्षी जणू कुणी जातच नव्हतं. जन्मतारीख नक्की माहीत नसली की माणूस शून्यावर किंवा पाचावर येऊन थांबतो. जनगणनेतही हे होतं. त्यासाठी व्हिपल निर्देशांक नावाचं माप आहे. २३ ते ६२ वयोगटातल्या किती जणांची वयं ० किंवा ५ वर संपतात हे त्यात मोजतात. आपल्या पानांवर म्हणून ‘वय ६०’ असं ठाम लिहायचं नाही, ‘रजिस्टरात ६०’ असं लिहायचं.

दुसरी, बायका. ‘अमक्याची पत्नी’, ‘तमक्याची आई’. काही ओळींत बाईचं स्वतःचं नाव नाहीच. एका नोंदीत मृत बाईचं नाव कोरं, नवऱ्याचं नाव पूर्ण, आणि मृत्यूचं कारण ‘ताप’. तिचं नाव सांगू शकेल असं गावात आज कोण आहे? यादी केली. चौघीजणी निघाल्या. चौघींकडे याच महिन्यात जायचं.

जाता जाता आणखी एक. ‘खबर देणारा’ असा एक रकाना प्रत्येक नोंदीत आहे. तिकडे कुणी बघत नाही. तोही उतरवून घ्यायला सुरुवात केली.

२५ फेब्रुवारी

ताप येऊन गेलेल्या बाईंचं नाव मिळालं. तिसऱ्या आजींनी सांगितलं. नाव घेऊन त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “किती वर्षांनी उच्चारलं बघा.”

१० मार्च

ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत ठरलेलं लिहून ठेवतो, कारण नवे तिघे कामात आले आहेत. फाईल वेव्ह स्वरूपात, ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट. फोनवर घेत असाल तर आधी फ्लाइट मोड. पंखा बंद करता आला तर करा, पण आजींना उकडत असेल तर पंखा चालू ठेवा आणि मायक्रोफोन जवळ न्या. सुरुवातीची दहा मिनिटं माणूस यंत्राशी बोलतो, तुमच्याशी नाही. ती जाऊ द्या. पुढचा प्रश्न ओठावर असला तरी समोरचा थांबला की मनातल्या मनात पाच आकडे मोजा. बहुतेक वेळा खरी गोष्ट त्या पाच आकड्यांनंतर येते. आणि यंत्र बंद केल्यावर दाराशी निघताना जे सांगतात ते घरी पोहोचायच्या आत वहीत लिहा.

फोटो जागच्या जागी ६०० डीपीआयला स्कॅन करून परत द्यायचे, घेऊन जायचे नाहीत. मागची बाजूही स्कॅन करायची. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढायचे नाहीत. पानासकट स्कॅन करा. फोटोतली माणसं कोण हे पाठीमागे पेननं लिहू नका, मऊ पेन्सिलीनं कडेला लिहा.

दगडांवरची अक्षरं वाचायची तर सकाळी लवकर किंवा उन्हं उतरताना जा. तिरप्या उजेडात झिजलेली कोरीव रेघ सावली धरते. ऊन नसेल तर आरशानं कडेनं उजेड टाका. तारेचा ब्रश, ब्लीच, दाढीचा फेस असलं काही दगडाला लावायचं नाही. शेवाळ राहू दे. पन्नास वर्षं टिकलेलं अक्षर आपल्या एका दुपारच्या उत्साहात जाईल.

१७ मार्च

पंपवाले काका. त्यांच्या हाताखाली काम केलेल्या माणसानं दोन तास सांगितलं. गळती कुठे आहे हे शोधायला काका रात्री दोन वाजता निघायचे, कारण तेव्हा रस्ता शांत असतो आणि कुणी नळ सोडलेला नसतो. हातात लोखंडी कांब. एक टोक व्हॉल्व्हवर टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडाला. पाणी जमिनीखाली जिथे निसटत असेल तिथे कांबेतून सुईसारखा आवाज येतो. ऐकू आला की खडूनं रस्त्यावर फुली. सकाळी खणणारे त्या फुलीवर खणायचे.

“चुकायचे का कधी?”

“हातभर इकडे-तिकडे. शेवटी शेवटी उजवा कान गेला, तर डावा लावायचे. आणि डावाही गेल्यावर मला लावायला सांगायचे. मग नुसतं माझ्या तोंडाकडे बघायचे. माझ्या तोंडावरून त्यांना कळायचं पाणी कुठाय ते.”

हे जसंच्या तसं जाणार. एकाही शब्दाला हात लावणार नाही.

२ एप्रिल

चौथ्या आजी गेल्या. त्यांच्याकडे एकदाच जाऊन आलो होतो आणि ‘बाकीचं पुढच्या वेळी’ म्हणून उठलो होतो. त्या दिवशी त्या बोलायच्या मनःस्थितीत होत्या. मलाच परतीची गाडी गाठायची होती.

त्यांच्या आवाजाची फाईल एकाच कार्डावर होती. ती आज तीन ठिकाणी ठेवली: दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत दुसऱ्या गावी. हे आधीपासूनच करायला हवं होतं. यापुढे त्याच रात्री.

७ एप्रिल

मध्य आफ्रिकेत तोंडी इतिहास गोळा करणारे बेल्जियन इतिहासकार यान वान्सिना यांनी एक गोष्ट दाखवून दिली होती. समाजाला अगदी अलीकडचं पुष्कळ आठवतं, आणि मुळारंभाच्या कथाही असतात. मधला काळ रिकामा. आणि ही पोकळी एका जागी थांबत नाही, पिढीबरोबर पुढे सरकत राहते. गेले तीन महिने ज्या घरांत जातो आहे तिथे हेच दिसतं. आजोबा ठाऊक असतात, गाव वसवणारा ठाऊक असतो. पणजी म्हणजे एक नाव, तेही नसतंच बहुधा. आज जे ऐंशीचे आहेत ते गेले की पोकळीची कड वीस-पंचवीस वर्षांनी पुढे येईल. चौथ्या आजींबरोबर किती माणसं त्या पोकळीत गेली हे आता मोजता येणार नाही.

२८ एप्रिल

कुटुंबांची यादी संपत आली. एकशे चाळीसच्या वर पानं झाली. समाधान वाटायला हवं होतं, पण रजिस्टरातून उतरवलेली नावं आणि ही पानं शेजारी ठेवून पाहिली तेव्हा रितेपण दिसलं. पानं आहेत ती ज्यांना मुलंबाळं होती, आणि मुलंबाळं गावात किंवा संपर्कात राहिली त्यांची. ज्यांच्यामागे कुणी नाही, जे बाहेरून येऊन भाड्यानं राहिले, ज्यांचं लग्न झालं नाही, जे लहानपणी गेले, त्यांचं पान भरायला कोण येणार? आपण घरोघर जाऊन ‘तुमच्यात कोण कोण गेलं?’ असं विचारलं. ज्यांचं घरच उरलं नाही ते त्या प्रश्नातच मावत नव्हते.

दुसऱ्या महायुद्धात पूर्व युरोपातली ज्यूंची लहान गावं पुसली गेली. त्यातून वाचलेले लोक अमेरिकेत, इस्रायलमध्ये, अर्जेंटिनात विखुरले, आणि त्यांनी एकत्र येऊन आपापल्या गावाची स्मृतिग्रंथं काढली. यिझकोर म्हणतात त्यांना, म्हणजे ‘स्मरण राहो’. अशी शेकडो आहेत, बहुतेक यिद्दिश आणि हिब्रूत, छापलेल्या प्रती थोड्या. न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयानं त्यांतली कित्येक डिजिटल करून खुली ठेवली आहेत. आज पुन्हा पाहत बसलो. पुष्कळ ग्रंथांत एक हातानं काढलेला नकाशा असतो. गाव तर राहिलेलं नाही, म्हणून आठवणीतून काढलेला. विहीर, पाणचक्की, बाजाराचा चौक, आणि कुणाचं घर कुठे. नकाशा काढताना घरामागून घर येतं आणि प्रत्येक घरात कुणीतरी राहत असावंच लागतं. एखादा चौकोन रिकामा सोडणं हाताला जमत नाही.

हे आपण करायचं.

१२ मे

पहिला नकाशा. सहा जण, वय ७१ ते ८८. मोठा कागद जमिनीवर पसरला. मी रस्ता तेवढा आखून दिला आणि म्हटलं, “चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचं गाव धरा. या टोकापासून सुरू करू. इथे कोण राहायचं?”

चार तास चालू होतं. एरवी ‘आता काही आठवत नाही हो’ म्हणणारे काका गुडघ्यावर बसून पेन्सिल मागत होते. आठवण रस्त्यानं चालत होती. दार कुठल्या बाजूला होतं यावर वाद झाला, आणि दार ठरल्यावर दारात बसणारी म्हातारी आठवली. म्हातारी आठवल्यावर तिचा आंधळा भाऊ. त्या भावाचं नाव एकाही अर्जात नव्हतं. तो सगळ्यांना पायरवावरून ओळखायचा आणि मुलं पाय बदलून चालून त्याला फसवायला बघायची, फसायचा नाही.

एका संध्याकाळी एकोणीस नवी माणसं मिळाली.

चौकाच्या कोपऱ्यावर, मागच्या बाजूला एक खोली. सगळे एकदम म्हणाले, “तो घड्याळवाला.” नाव? कुणालाच नाही. कुठून आला? नाही. कधी गेला? “गेला असेल.” मुलं त्याच्या खिडकीशी तासाच्या ठोक्याला जाऊन उभी राहायची, कारण खोलीतली घड्याळं एकापाठोपाठ एक वाजत राहायची आणि बारा वाजायला सात-आठ मिनिटं लागायची. ८२ वर्षांच्या बाई म्हणाल्या, “मी विचारलं होतं त्यांना, सगळी एकसारखी का नाही लावत? म्हणाले, एकसारखी लावली तर कोण किती मागं पडतंय ते कसं कळेल?”

१९ मे

जर्मनीत गुंटर डेमनिग या कलाकारानं १९९२ पासून फुटपाथमध्ये बसवलेले दगड आठवले. दहा सेंटिमीटरचा ठोकळा, वर पितळी पत्रा. नाझींनी ज्यांना नेलं, मारलं, त्यांनी स्वतः निवडलेलं शेवटचं राहतं घर जिथे होतं त्या दारासमोर तो बसवतात. बहुतेक दगडांवर पहिली ओळ एकच असते: ‘इथे राहत होते’. मग नाव, जन्मसाल, पुढे काय झालं. २०२३ पर्यंत युरोपभर असे एक लाख दगड झाले.

पुस्तकाचा क्रम ठरला. आडनावानुसार नाही, मृत्यूच्या तारखेनुसारही नाही. नकाशावरच्या घरांप्रमाणे, रस्त्यानं चालत जावं तसा. भाड्याची खोलीसुद्धा घरच. प्रत्येक पान ‘इथे राहत होते’ किंवा ‘इथे राहत होत्या’ या शब्दांनी सुरू होईल.

९ जून

एका माणसाचा मृत्यू गावातले सगळे पुराच्या रात्री झाला असं सांगतात. पाच जणांनी स्वतंत्रपणे सांगितलं, तपशिलासकट. रजिस्टर सांगतं, तो पुराच्या दोन वर्षं आधी आजारानं गेला.

सहकाऱ्याचं म्हणणं, रजिस्टर खरं धरा आणि बाकी गाळा. मला इटलीतलं तेर्नी आठवतं. १७ मार्च १९४९ ला तिथे नाटोविरोधी मोर्चात लुईजी त्रास्तुल्ली नावाचा पोलाद कामगार पोलिसांच्या गोळीनं मेला. पुढे तोंडी इतिहासाचे अभ्यासक अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी कामगारांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा बरेच जण हा मृत्यू १९५३ साली, कारखान्यातल्या मोठ्या कामगारकपातीच्या दंगलीत झाला असं सांगत होते. एवढा मोठा घाव एका किरकोळ मोर्चात वाया जावा हे त्यांच्या मनाला पटत नव्हतं, म्हणून आठवणीनं तो त्यांच्या सगळ्यात मोठ्या लढ्यात नेऊन ठेवला. चूक होती, पण त्या चुकीतून कामगारांच्या मनातलं कळलं.

आपला माणूस नावाडी होता. पूर आला तेव्हा नाव होती आणि वल्हवणारा नव्हता. गावानं त्याला त्या रात्री परत बोलावून घेतलं असणार. पानावर दोन्ही जाईल. तारीख रजिस्टरातली, आणि खाली: पाच जणांच्या आठवणीत ते पुराच्या रात्री नावेवर होते.

३० जून

दोन भाऊ वडिलांच्या पानावरून अडले आहेत. एकाच पानावर दोन परिच्छेद, दोघांच्या नावानिशी. मान्य झालं.

१४ जुलै

आजचं लिहायला जड जातं आहे. एका बाईंना भेटलो, वय ७९. नवरा जाऊन तीस वर्षं झाली. शेजारच्या तिघांनी आधीच सांगितलं होतं की तो मारायचा. रात्री ऐकू यायचं, आणि कुणी गेलं नाही.

वैयक्तिक माहितीच्या कायद्यांत मृतांना फारसं संरक्षण नाही. युरोपचा २०१८ पासून लागू झालेला जीडीपीआर घेतला तरी तो जिवंत माणसांपुरताच आहे. म्हणजे त्या बाजूनं छापायला अडचण नाही. पण त्याचं पान म्हणजे तिचंही पान, आणि ती जिवंत आहे.

मी विचारलं, “काय लिहू?” त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. पाच आकडे मोजून झाले, पन्नास झाले असतील. मग म्हणाल्या, “नाव लिहा. तारखा लिहा. बाकी पान कोरं सोडा. ज्यांना माहीत आहे ते वाचतील.”

कोरं पान जाईल. खाली ‘सांगणार’ या रकान्यात त्यांचं नाव. त्यांनी स्वतः मागून घेतलं.

४ ऑगस्ट

अकरा दिवस जगलेल्या बाळाचं पान करायचं का, यावर बैठकीत मतं दोन झाली. ‘जीवन’ म्हणावं असं काय लिहिणार, हा प्रश्न अगदी मनापासून विचारला गेला.

फ्रान्समध्ये एका इतिहासकारानं ठरवलं होतं की अभिलेखागारातून कुठलंही एक अनोळखी नाव उचलायचं आणि त्या माणसाचं चरित्र लिहायचं. ओर्न प्रांतातल्या नोंदींतून लुई-फ्रांस्वा पिनागो मिळाला. लाकडी जोडे कोरणारा, जंगलाच्या कडेला राहणारा, १७९८ ते १८७६. लिहिता न येणारा, कशातच नाव न झालेला माणूस. त्याच्याभोवतीच्या नोंदी जुळवून त्याचं अख्खं जग उभं केलं गेलं. हे काम मला दीपस्तंभासारखं वाटत आलं आहे. पण तेव्हा दोन नावं उचलली होती, आणि दुसरा माणूस तरुणपणी गेला होता म्हणून त्याला बाजूला ठेवलं. ते दुसरं नाव मला बैठकीत सारखं आठवत राहिलं.

बाळाच्या आईचं वय ८४. त्यांना ते अकरा दिवस एकेक करून आठवतात. चौथ्या दिवशी त्यानं त्यांचं बोट धरलं आणि झोपेतही सोडलं नाही. त्यांनी एका हातानं सगळी कामं केली. हे क्रियापद आहे. पान झालं.

१ सप्टेंबर

पानं फार लांबत आहेत, म्हणून लिहिणाऱ्यांबरोबर एक सराव केला. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश साम्राज्याच्या युद्धकबरी सांभाळणाऱ्या आयोगानं, १९१७ साली फेबियन वेअर यांच्या पुढाकारानं तो स्थापन झाला, अधिकारी असो की साधा शिपाई, सगळ्यांना एकाच मापाचा दगड दिला. घरच्यांना खाली स्वतःची ओळ कोरायला मुभा होती: जास्तीत जास्त ६६ अक्षरं, मधल्या जागा धरून. मुलगा गेलेल्या आईला ६६ अक्षरं.

आम्ही प्रत्येकी एका माणसाची ६६ अक्षरांत ओळ लिहिली. सगळ्यात नव्या मुलीनं लिहिलेली: ‘पावसाआधी सगळ्यांची छपरं पाहून यायचे, स्वतःचं गळतं ठेवून.’ आता प्रत्येक पानाच्या माथ्यावर अशी एक ओळ असेल. जमली तर. ओढूनताणून नको.

२२ सप्टेंबर

घड्याळवाल्यांचा धागा हाती लागला.

ज्या बाईंनी ‘मागं पडतंय’ची गोष्ट सांगितली त्यांच्याकडे जुनं भिंतीवरचं घड्याळ आहे. एका दुरुस्ती करणाऱ्याला बरोबर नेलं होतं. त्यानं मागचं झाकण उघडलं, भिंग लावलं आणि मला बोलावलं. आत पितळेवर सुईच्या टोकानं ओरखडलेली बारीक अक्षरं. दोन अक्षरांची खूण, महिना, साल. ओळीखाली ओळ, पाच वेळा. दुरुस्त करणारे झाकणाच्या आत अशी खूण करून ठेवतात, पुढच्या वेळी उघडल्यावर आधी काय केलं होतं ते कळावं म्हणून. दुसऱ्या कुणी वाचावी अशी ती नसतेच.

गावात फिरलो. जुनं घड्याळ आहे का, मागून उघडू का. अकरा घड्याळं उघडली, आठांत तीच दोन अक्षरं. तारखा क्रमानं लावल्या तर सलग सतरा वर्षं भरतात. त्यांच्याबद्दल कागदावर काहीही नाही, आणि त्यांच्या हस्ताक्षरात सतरा वर्षांचा हिशेब लोकांच्या भिंतींवर टांगलेला होता.

६ ऑक्टोबर

शेवटच्या ओरखड्याचं साल धरून रजिस्टर पुन्हा पाहिलं. सापडले. पुरुष, वय ६० (म्हणजे पंचावन्न ते पासष्ट काहीही), व्यवसाय घड्याळदुरुस्ती, एकच नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव कोरं. नावाचं पहिलं अक्षर ओरखड्याशी जुळतं. दुसरं अक्षर आडनावाचं असणार. ते आता अक्षरच राहील.

मग खबर देणाऱ्याचा रकाना. फेब्रुवारीत मी तो स्वतःच्या हातानं उतरवला होता आणि लक्षात आलं नव्हतं. तिथे शिवणाऱ्या आजींची सही आहे.

१३ ऑक्टोबर

नातीला दाखवलं. तिला काहीच माहीत नव्हतं, तिच्या वडिलांनाही नाही. आजींनी घरी कधी त्यांचा उल्लेख केला नव्हता. शेजारी होत्या म्हणून गेल्या, की कुणीच जाईना म्हणून, की आणखी काही, हे कळायला मार्ग नाही, आणि आम्ही अंदाज लिहिणार नाही. नात सहीवर बोट ठेवून बसली होती. म्हणाली, “आजीची सही मी पहिल्यांदा बघतेय.”

घरी आल्यावर तिनं डबा पुन्हा उपसला. रात्री फोन आला. एका करड्या चिंधीवरच्या चिठ्ठीवर मापं आहेत, आणि नावाच्या जागी फक्त ‘कोपरा’.

आजींच्या पानात एक ओळ वाढवली: त्या वर्षी कोपऱ्यावरच्या खोलीतले गृहस्थ वारले, तेव्हा खबर द्यायला त्या गेल्या.

१० नोव्हेंबर

मुद्रितं तपासून झाली. दोनशे सत्तावीस पानं, त्यातली नऊ जवळजवळ रिकामी: नाव किंवा अर्धं नाव, घराची जागा आणि एखादी ओळ. ती गाळून पानं वाचवावीत अशी सूचना आली होती. ती राहतील.

दुपारी एक बाई घड्याळ घेऊन आल्या. आम्ही घड्याळं उघडत फिरतो हे त्यांना उशिरा कळलं. लहान गजराचं घड्याळ, आईचं. बंद पडल्याला कैक वर्षं झाली, तेव्हापासून उघडलेलं नाही. झाकण निघता निघत नव्हतं. आत एकच ओरखडा, तीच दोन अक्षरं, आणि या वेळी नुसता महिना नाही, दिवससुद्धा. रजिस्टरातल्या तारखेच्या नऊ दिवस आधीचा.

छापखान्याला फोन करून त्यांचं पान थांबवलं. दिवस घालून उद्या सकाळी परत पाठवतो.